संगणक सुरू होत नाही, तेव्हा तो काय सांगत असतो?

उर्दू शाळांत, छोट्या साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांत जुने डेस्कटॉप अजून नांदत आहेत. कारण इनपेज. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, अंक, मजकूर, सगळे त्यातच. असा संगणक एका सकाळी सुरू झाला नाही की निकाल ठरलेला: ‘मदरबोर्ड गेला, भंगारात द्या.’ भंगारवाला किलोवर घेऊन जातो, आणि सोबत हार्ड डिस्कही जाते. हा निकाल बहुतेक वेळा तपासाविना दिलेला असतो. वास्तविक तपासाची सोय यंत्र बनवणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच करून ठेवली आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या अभियंत्यांपुढे एक साधाच पण अवघड प्रश्न होता. बिघाड पडद्यावर दाखवावा, तर आधी पडद्याचे कार्ड चालायला हवे. तेच बिघडले असेल तर? उत्तर होते एक लहानसा स्पीकर. वीज मिळताच मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम, म्हणजे बायोस, स्वतःच्या यंत्राची तपासणी करी. या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. सगळे ठीक असेल तर एक छोटी बीप. एक लांब आणि दोन आखूड असतील तर डिस्प्लेचा दोष. पडदा चालत असेल तर त्यावर आकडा येई: २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड. हकीम नब्ज बघतो; इथे रोगीच आपली नब्ज मोठ्याने सांगत होता.

आयबीएमने या बायोसचा सगळा प्रोग्राम आपल्या तांत्रिक पुस्तकात ओळीनुसार छापला होता. वाचायला मोकळीक, नक्कल करायला कायद्याची मनाई. म्हणून कॉम्पॅक कंपनीने तो न वाचलेल्या माणसांकडून, फक्त ‘काय व्हायला हवे’ एवढे सांगून, नवा बायोस लिहून घेतला. पुढे १९८४मध्ये फिनिक्स कंपनीने असाच बायोस इतरांना विकायला काढला. १९८५मध्ये सुब्रमण्यन शंकर आणि पॅट शर्मा यांनी अमेरिकेत एएमआय ही कंपनी काढली. तिचा बायोस पुढे असंख्य मदरबोर्डांवर बसला. स्वस्त संगणक आपल्यापर्यंत आले ते या मोकळीकीमुळे. पण बीपची भाषा मात्र फुटली. एएमआयच्या बायोसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष, तर अवॉर्ड बायोस तोच दोष एक लांब, दोन आखूड अशा बीपने सांगतो. भाषा एक आणि बोली अनेक, हे दखनी घरात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून बीप मोजण्याआधी बायोस कोणाचा ते बघावे.

दुसरा मोठा बदल १९९५चा. तोपर्यंत पुढचे बटण थेट विजेचा प्रवाह जोडे किंवा तोडे. इंटेलच्या एटीएक्स रचनेत बटण फक्त विनंती करते. एसएमपीएस बंद दिसत असतानाही बोर्डाला पाच व्होल्ट देत असतो. बटण दाबल्यावर बोर्ड त्याला ‘सुरू हो’ म्हणतो, व्होल्टेज स्थिरावले की एसएमपीएस ‘पॉवर गुड’चा इशारा देतो, आणि मगच प्रोसेसरला मोकळे सोडले जाते. या साखळीत कुठेही खंड पडला तरी बाहेरून दिसते एकच: संगणक बंद. काहीच हलत नसेल तर बोर्डाआधी सॉकेट, केबल, एसएमपीएस आणि खुद्द बटण हे संशयित. पंखे फिरतात पण पडदा काळा असेल, तर केबल काढून सगळ्या रॅम बाहेर घ्याव्यात आणि पुन्हा सुरू करावे. स्पीकर जोडलेला असताना बोर्ड बीप देऊन तक्रार करू लागला, तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जिवंत आहेत. मग रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून परत बसवावे. कितीतरी ‘मेलेले’ संगणक एवढ्यावर उठून बसतात. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. केबल काढल्यावरही आत भार राहतो.

मदरबोर्ड खरोखर मेल्यासारखा झाला तो २६ एप्रिल १९९९ रोजी. नव्वदच्या दशकात बायोसची चिप पुन्हा लिहिता येण्याजोगी झाली होती, सुधारणा सोपी व्हावी म्हणून. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या सुमारे एक हजार बाइटच्या सीआयएच व्हायरसने तीच सोय वापरली. विंडोज ९५ आणि ९८ असलेल्या संगणकांत त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही बोर्डांवर बायोसही खराब केला. ना बीप, ना पडदा. आपल्याकडेही त्याचा फटका बसला. तरीही बोर्ड जळलेला नव्हता. चिप नव्याने लिहिली की तो चाले. डिस्कवरही फाइलींच्या यादीची दुसरी प्रत पुष्कळदा शाबूत असे.

काही वर्षांनी निकृष्ट कपॅसिटरची साथ आली. तिचे निदान डोळ्यांनीच होते: डोके फुगलेले, कधी तपकिरी द्रव गळलेला.

आताच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर बहुधा नसतो. मदरबोर्डवर त्याच्या पिना मात्र अनेकदा असतात, आणि लहानसा बझर अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो लावून बघा. आणि एवढे करूनही संगणक उठला नाही, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. यूएसबी अडॅप्टरने ती दुसऱ्या संगणकाला जोडता येते.