मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा

मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा ही भारताच्या अनेक भागांत वेळोवेळी पसरणारी एक लोकअफवा होय. परक्या व्यक्तींची एखादी टोळी लहान मुलांना भीक मागण्यासाठी किंवा अवयवांच्या व्यापारासाठी पळवते, असा तिचा आशय असतो. २०१७-१८ या काळात भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे ती वेगाने पसरली आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत निरपराध व्यक्तींचे बळी गेले. चुकीची माहिती समाजाच्या समजुती व स्मृती कशा घडवते, याचे हे ठळक उदाहरण मानता येते.

स्वरूप

या अफवेचा गाभा कायम राहतो. गावाचे नाव, टोळीतील माणसांची संख्या व वेश मात्र बदलतो. संदेश बहुधा ओळखीच्या व्यक्तीकडून येतो. त्यामुळे पाठवणाऱ्यावरचा विश्वास मजकुरालाही लाभतो. २०१८ मध्ये फिरलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. तीत दुचाकीस्वार मुलाला उचलून नेतात, मात्र शेवटी त्याला परत आणून जागृतीचा फलक दाखवतात. हा शेवट कापून उरलेला भाग खऱ्या अपहरणाचे दृश्य म्हणून पाठवला गेला.

महाराष्ट्रातील घटना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होते. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे ही या जमातीची परंपरा आहे. मुले पळवणारे असल्याच्या संशयावरून त्यांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून मारहाण करण्यात आली. त्याच दिवशी मालेगाव येथे अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना, त्यांत एका लहान मुलाचाही समावेश होता, पोलिसांनी वाचवले.

१६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. त्या परिसरात मुले पळवणाऱ्यांची व चोरांची अफवा पसरलेली होती. पुढे या घटनेला धार्मिक रंग देणारी खोटी माहितीही पसरली. अटक केलेल्यांत एकही मुस्लिम नसल्याचे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली.

अशा प्रसंगी संशय बहुधा भटक्या, परभाषी किंवा अनोळखी वेशातील लोकांवर येतो. भटक्या समाजांविषयीचा संशय जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी लोकमानसातील पूर्वग्रह पूर्णपणे पुसला गेला नाही.

स्मृती व समजुतींवरील परिणाम

अफवेवर विश्वास का बसतो, याची काही कारणे मानसशास्त्रीय प्रयोगांतून स्पष्ट झाली आहेत.

पुनरावृत्ती : अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅशर, गोल्डस्टीन व टोपिनो यांच्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा ऐकलेली विधाने सहभागींना अधिक खरी वाटू लागली. विधान खरे असो वा खोटे, परिणाम सारखाच होता. एकच संदेश चार गटांतून आला, की चार पुरावे मिळाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात उगम एकच असतो.

स्मृतीतील बदल : एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये सहभागींना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. प्रश्नात मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' असा तीव्र शब्द वापरला, तेव्हा आठवड्यानंतर ५० पैकी १६ जणांना फुटलेली काच आठवली. सौम्य शब्द वापरलेल्या गटात ५० पैकी ७ जणांना. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. घटनेनंतर कानी पडलेले शब्द आठवणीत मिसळतात, हे यावरून दिसते.

खंडनानंतरचा प्रभाव : जॉन्सन व सीफर्ट यांच्या १९९४ मधील अभ्यासात, गोदामाच्या आगीविषयी दिलेली माहिती चुकीची असल्याचे सांगूनही सहभागी तिच्याच आधारे निष्कर्ष काढत राहिले. आगीचे दुसरे कारण सांगितल्यावर हा प्रभाव कमी झाला. म्हणूनच 'अशी टोळी नाही' एवढेच म्हणण्यापेक्षा 'ही चित्रफीत कुठली, कशासाठी बनवलेली' हे सांगणारे खंडन अधिक परिणामकारक ठरते.

उपाययोजना

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठवलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, असा बदल झाला.

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ दर्जाचा अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान यांसारख्या कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद असून तिच्यात मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा सांगितली आहे. सार्वजनिक शांतता बिघडवणारी अफवा पसरवणे हाही या संहितेनुसार गुन्हा आहे.