कराचीला न पोचलेले जहाज

१९३० च्या मे महिन्यात आमच्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच वर्षी विलायतेत ‘आर १०१’ हे अजस्र हवाई जहाज आपल्याच मुंबई इलाख्यातील कराचीला यायला सजत होते. लांबी ७७७ फूट, पोटात हायड्रोजन! हिंदुस्थानच्या उन्हात पेट्रोलची वाफ पेटेल, या धास्तीने साहेबाने त्याला पाच डिझेल इंजिने बसविली. ती निघाली भलतीच जड. मग जहाज मधोमध कापून लांबविले आणि आणखी हायड्रोजन भरला. मला विचाराल तर, भ्यायचेच होते तर त्या हायड्रोजनला भ्यायचे! ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये बोवे गावाजवळ ते कोसळून पेटले. ५४ पैकी ४८ माणसे दगावली. कराचीत त्याच्यासाठी बांधलेला प्रचंड हँगर रिकामाच राहिला.