पूर्णा जंक्शन : लोको शेडपासून रोजगार मेळाव्यापर्यंत

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव पुढे गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या काठी वसले असले, तरी गेल्या सव्वाशे वर्षांत त्याची घडण नदीपेक्षा रेल्वेने अधिक केली. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने व्याजाची हमी दिलेल्या रेल्वे कंपनीने हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला लोहमार्ग, १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला केला. पुढे १९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. इंजिनांची देखभाल करणारी लोको शेड आणि कर्मचाऱ्यांची वसाहत यांमुळे, भोवतालचा सारा मुलूख कोरडवाहू शेतीवर जगत असताना, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार मिळणारी माणसे येथे एकवटली. महाविद्यालयांतून आज भरणाऱ्या रोजगार मेळाव्यांतून आणि करिअर शिबिरांतून विद्यार्थ्यांच्या हाती काय पडते, याचा विचार करताना अशा गावाचा पूर्वेतिहास उपयोगी पडतो, कारण नोकरीची माहिती कोणाकडे असते आणि ती कोणापर्यंत पोहोचते, हा मेळाव्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न येथे फार आधीपासून उभा आहे.

वाफेच्या इंजिनाच्या काळात रेल्वेतील बढतीची चढण वसाहतीतल्या पोरासोरांनाही पाठ असे. इंजिन पुसणारा क्लिनर, भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन, यार्डात डबे जोडणारे-तोडणारे इंजिन हाकणारा शंटर, मग मालगाडीचा आणि अखेरीस प्रवासी गाडीचा ड्रायव्हर, असा हा क्रम होता. रात्री-अपरात्री कॉलमन, म्हणजे ड्यूटीचा निरोप घेऊन येणारा शिपाई, वही घेऊन दारावर यायचा, गाडी सुटण्याच्या आधी ड्रायव्हर-फायरमनला उठवून वहीत सही घ्यायचा. कोणाची ड्यूटी कोणत्या गाडीवर लागली आणि कोण रजेवर गेले, ही वार्ता अशा रीतीने घरातल्या सगळ्यांच्या कानावर पडत असे. खलाशांची, म्हणजे शेडमधील मदतनीसांची, भरती केव्हा निघणार, अर्ज कोणत्या साहेबाकडे द्यायचा, वैद्यकीय तपासणीत डोळ्यांची परीक्षा किती कडक असते, हे ज्ञान कोणत्याही शाळेत मिळत नव्हते. ते बाप, काका, मेहुणा आणि शेजारी यांच्या बोलण्यातून मिळत होते. वसाहतीतल्या मुलाला ते आयते लाभले. दोन-तीन कोसांवरच्या खेड्यातल्या, कदाचित त्याच्यापेक्षा अधिक शिकलेल्या मुलाला त्याचा पत्ताही नव्हता, आणि हीच या व्यवस्थेतील मोठी विषमता होती.

शिक्षणाची वाटही याच रुळांवरून जात होती. संस्थानी काळात उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे; १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी मुलाला विषयाआधी भाषा आत्मसात करावी लागे. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजेच पुढचे मिलिंद महाविद्यालय, सुरू झाले. ही दोन्ही शहरे पूर्णेच्याच रेल्वेमार्गावर होती. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि पदवीधरांची पहिली मोठी पिढी तयार होऊ लागली. परंतु पदवीनंतर पुढे काय, हे सांगणारे त्यांच्या घरात बहुधा कोणी नव्हते.

इतरत्र असे सांगणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेत बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले होते, आणि मुंबई सरकारनेही १९५० मध्ये तसे केंद्र सुरू केले. मात्र मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने त्याचा लाभ या भागाला झाला नाही. येथे पोहोचले ते प्रामुख्याने सेवायोजन कार्यालय. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेली ही कार्यालये फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि मग सर्व बेरोजगारांसाठी खुली झाली, तर १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा या कार्यालयांना कळवणे बंधनकारक केले. उमेदवाराने नाव नोंदवायचे, कार्ड घ्यायचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची, अशी ही पद्धत होती. कायद्याने जागा कळवण्याची सक्ती केली होती, नोंदवलेल्यांतूनच माणूस घेण्याची नव्हे. हा बारीक फरक कार्ड खिशात बाळगणाऱ्या कित्येकांना ठाऊक नव्हता.

या दडपलेल्या अपेक्षांचा स्फोट १९७४ मध्ये झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठातील, म्हणजे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतील, नोकरभरतीत स्थानिक तरुण डावलले जात असल्याच्या तक्रारीवरून विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. पूर्णा-हिंगोली मार्गावरील वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे बळी गेले, आणि आंदोलनाला व्यापक मराठवाडा विकास आंदोलनाचे रूप येऊन गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्याचे नेतृत्व केले. विद्यार्थ्यांनी नोकऱ्यांबरोबर रुंद रुळांची, ब्रॉडगेजची, मागणी लावून धरली होती, ही त्यांच्या समजुतीची प्रगल्भता होती: रुळांची रुंदी बदलल्यावाचून मालाची ने-आण सुलभ होणार नाही, आणि त्यावाचून कारखाने येणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

ती मागणी १९९० च्या दशकात मनमाडपासून टप्प्याटप्प्याने पूर्ण होत गेली आणि पूर्णेला तिची वेगळीच किंमत मोजावी लागली. वाफेची इंजिने गेली, मीटरगेजची कामे आटली, क्लिनर आणि फायरमन ही पदे इतिहासजमा झाली. हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारा मार्ग २००८ च्या सुमारास रुंद होईपर्यंत गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून राहिलेले गावाचे महत्त्वही त्यानंतर उतरले. २००३ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग झाला तेव्हा विभागीय कचेरी साहजिकच नांदेडला गेली. या बदलांच्याच काळात नोकरभरतीचे नियमही पालटत होते: १९९६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांतून जाहिरातही द्यावी, असे म्हटले. ‘कॉल’ची वाट पाहण्याचे दिवस सरले, आणि जाहिरात शोधणे, पात्रता समजून घेणे व स्पर्धा परीक्षेस बसणे ही सारी जबाबदारी उमेदवारावर आली. बापाच्या शब्दावर चालणारी वसाहतीची माहितीव्यवस्था आता वसाहतीतल्या मुलांनाही पुरेनाशी झाली.

महाविद्यालयांतील मार्गदर्शन शिबिरे आणि शासनाचे रोजगार मेळावे या रिकाम्या जागेत उभे राहिले आहेत. पूर्णा ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची (स्थापना १९९४) कित्येक महाविद्यालये तालुक्याच्या व लहान गावांत आहेत, आणि तेथील अनेक विद्यार्थी घरातले पहिलेच पदवीधर असतात. मेळाव्यात असा विद्यार्थी बायोडाटाच्या झेरॉक्स प्रतींची पिशवी घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न बहुधा गुणांविषयी विचारला जात नाही. पुण्याला किंवा औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत राहण्याची तयारी आहे का, असे विचारले जाते. त्या दिवशी नेमणुकीचे पत्र हाती पडणारे थोडेच. बाकीचे घेऊन जातात ते निराळेच: आपल्या पदवीला बाजारात कोणते पद लागू पडते याची जाणीव, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र भरतीची जाहिरात निघण्याआधीच सेतू केंद्रातून काढून ठेवावे लागते ही सूचना, परक्या माणसासमोर बसून दोन मिनिटे स्वतःविषयी बोलण्याचा पहिला अनुभव, आणि एकत्र अभ्यास करणारे चार सोबती.

ही शिदोरी लहान समजणे चुकीचे ठरेल. रेल्वे वसाहतीतल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जी माहिती केवळ नात्यागोत्यांतून हस्तांतरित केली, ती येथे प्रथमच नातेसंबंध नसलेल्या मुलाला, आणि विशेषतः रेल्वेची वाट जिच्यासाठी कधी मोकळी नव्हती त्या मुलीला, उघडपणे सांगितली जाते. तथापि, माहितीने जागा निर्माण होत नाहीत, आणि गावात काम नसताना मेळावा यशस्वी होतो तो बहुतेकदा तरुणांना गाव सोडायला लावूनच. १९७४ च्या आंदोलनाने केलेली स्थानिक उद्योगांची मागणी त्यामुळे अनुत्तरितच राहते. जुन्या फायरमनच्या नातवाला इंजिनावर चढायचे असेल, तर आज त्याला सहायक लोको पायलटच्या पदासाठी आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाची पदविका लागते, अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि रेल्वे भरती मंडळाची परीक्षा संगणकावर द्यावी लागते, जी आता मराठीतूनही देता येते. त्याने कला शाखेची पदवी घेतल्यानंतर ही अट त्याला कळली, तर तिचा उपयोग उरत नाही. म्हणून अशी शिबिरे पदवीच्या शेवटच्या वर्षात भरवण्याऐवजी दहावीच्या वर्गांत, पूर्णेबरोबरच जवळच्या चुडावा आणि ताडकळसच्या शाळांत, भरवणे अधिक निकडीचे आहे.