डेटाबेसची क्रमविकासी रचना

माहितीसाठ्याचा आराखडा प्रारंभीच कायमचा निश्चित न करता, वापरातून गरजा उमगत जातील तसतसा तो लहान, परीक्षित व नोंदलेल्या टप्प्यांनी विकसित करण्याची पद्धती. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या यूटा राज्यात 17 संगणकतज्ज्ञांनी सिद्ध केलेल्या एजाइल जाहीरनाम्याने सॉफ्टवेअर-निर्मितीस बदल सामावून घेत टप्प्याटप्प्याने उभारणी करण्याची जी दिशा दिली, ती डेटाबेसच्या प्रांतात आणण्याचे कार्य प्रामुख्याने स्कॉट अँब्लर, मार्टिन फाउलर व प्रमोद सदलगे यांनी केले. अँब्लर व सदलगे यांचा ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’ हा ग्रंथ 2006 साली प्रसिद्ध झाला.

जुना प्रोग्रॅम काढून त्या जागी नवा बसविता येतो. परंतु डेटाबेसची रचना बदलताना तीत वर्षानुवर्षे साठलेली माहिती अबाधित राखूनच पुढे न्यावी लागते. यास्तव प्रत्येक बदल अनुक्रमांकित स्क्रिप्टच्या रूपाने प्रोग्रॅमसोबत जतन करतात, प्रत्येक डेव्हलपरास डेटाबेसची स्वतंत्र प्रत देतात आणि चाचण्या पार पडल्यावाचून कोणताही बदल मुख्य साठ्यास लावीत नाहीत. एखादा स्तंभ बदलावयाचा असल्यास जुना व नवा असे दोन्ही काही काळ ठेवून, ट्रिगरच्या (माहिती बदलताच आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीच्या) साहाय्याने त्यांतील माहिती एकसारखी राखतात, आणि सर्व प्रोग्रॅम नव्यावर स्थिरावल्यावरच जुना काढून टाकतात.

नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याच्या महसुली दफ्तरास ही शिस्त अपरिचित नाही. जमिनीच्या हक्कातील बदल तलाठी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, अनुक्रमांकाने नोंदवितो, हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतींसाठी मुदत ठेवली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तदनंतरच सातबारा या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर अंमल होऊन जुन्या कब्जेदाराचे नाव कंसात जाते. फेरफाराने माहिती बदलते, स्क्रिप्टने रचना. क्रम, तपासणी व पूर्वस्थितीचा माग मात्र दोहोंस सारखाच आवश्यक.

हे दफ्तर संगणकावर आल्यानंतर खुद्द नमुनेही बदलत गेले. 2020 साली सातबाऱ्यात गावाचा संकेतांक आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक समाविष्ट झाले. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने कांद्याची वा मक्याची नोंद शेतकऱ्यास आपल्या मोबाइलवरून करता येऊ लागली. असे बदल आरंभी कोणत्याही आराखडाकारास पूर्णतः कल्पिता येत नाहीत. म्हणून ज्या नोंदींवर खातेदाराचा हक्क अवलंबून असतो, त्यांच्या डेटाबेसमध्ये नोंद न ठेवता केलेला रचनाबदल सर्वथा त्याज्य मानला पाहिजे.