कोणत्या सालची गाडी?

गेले दोन महिने अंबरनाथमध्ये भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारत होतो: सेकंडहँड छोटी गाडी घ्यायची तर कोणत्या सालची घ्यावी? ऑफिसमधल्या मित्राने एक्सेल शीट पाठवली. काका म्हणाले, "डोळे झाकून घे, जितकी नवी तितकी चांगली." आणि आमचे गॅरेजवाले दादा हात पुसत म्हणाले, "साल काय बघतोस? गाडी बघ."

तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पण हे कळायला मला चक्क इतिहासात शिरावं लागलं. (शाळेत इतिहासात काठावर पास व्हायचो, हे आईच्या नजरेला पडलं नाही म्हणजे मिळवली!)

आधी आमची गरज सांगतो. बजेट साडेचार लाख. प्रवासी तीन: मी, बाबा आणि आई. आईचे गुडघे गेलेत, स्टेशनचा जिना आता तिला झेपत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. शिवाय मागे बसली की तिला गाडी लागते, त्यामुळे ती पुढेच बसणार. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाबांच्या पिढीला साल निवडायची चैनच नव्हती. आपल्या मध्य रेल्वेवरच्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता, वालचंद हिराचंदांनी उभा केलेला. तिथे बनणारी फियाट १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली, पण तिची हाडं साठच्या दशकातलीच. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ७८ची असो की ८५ची, फरक तो काय? मिळाली ती चांगली.

मग १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. १९८६ मध्ये तीच गाडी नव्या बॉडीत आली. नाव तेच, गाडी वेगळी! आता साल विचारण्याला अर्थ आला.

पण साल का बघायचं याचा खरा धडा दिला तो पुण्याने. ३० डिसेंबर १९९८ला टाटांची इंडिका बाजारात आली. लोकांनी एक लाखाहून जास्त गाड्या बुक केल्या. गाड्या हातात पडल्यावर मात्र आवाज, सस्पेन्शन, टायर अशा तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने त्या मनावर घेतल्या, दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये 'व्ही टू' आणली. तीच इंडिका पुढे वर्षानुवर्षं धावली. आपल्या भाषेत सांगायचं तर ९९ची इंडिका म्हणजे बीटा आणि व्ही टू म्हणजे स्टेबल रिलीज. दोन्ही गाड्या दहा वर्षांनी शेजारी उभ्या केल्या असत्या, तर 'दोनच वर्षांचा फरक' म्हणणारा फसला असता.

तर धडा पहिला: नव्या मॉडेलची पहिली एक-दोन वर्षं दुसऱ्यांना चालवू द्यावी.

दुसरा धडा आपल्या कल्याणचा. १९९४ ते ९७ या काळात इथे प्यूजो ३०९ बनत होती. फ्रेंच गाडी, चालवायला झकास. पण संप, भांडणं झाली आणि प्यूजो गाशा गुंडाळून गेली. मालकांच्या हाती उरली गाडी, आणि स्पेअर पार्टची शोधाशोध. म्हणजे साल कितीही चांगलं असो, त्या सालानंतर कंपनी टिकली का, हेही बघायला हवं.

तिसरा धडा कायद्याचा, आणि मी खरा अडकलो तो इथे. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ आलं. म्हणजे आरसीवर '२०२०' एवढंच वाचून भागत नाही, उत्पादनाचा महिना आणि एमिशन नॉर्म या दोन्ही ओळी वाचायच्या. त्याआधी, १ जुलै २०१९पासून, नव्या गाड्यांत ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. ड्रायव्हरसाठी! शेजारच्या सीटसाठी ती सक्ती जुन्या मॉडेल्सना लागू व्हायला ३१ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे अडीच वर्षं कायद्याचं म्हणणं असं, की गाडी ठोकली तर मी वाचायलाच हवा, आईचं बघू.

एक्सेल शीटमध्ये हा कॉलम नव्हता. स्वस्तात मस्त म्हणून मी हिरव्या रंगात रंगवलेल्या सात गाड्यांपैकी पाच त्याच अडीच वर्षांतल्या होत्या. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

चौथा धडा मात्र कुठल्याच कॅटलॉगात सापडत नाही. बदलापूरला एक २०१८ची गाडी बघितली. किलोमीटर कमी, रंग चकचकीत, किंमत बाजारापेक्षा पन्नास हजारांनी कमी. गॅरेजवाले दादा सोबत होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत खेचला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ! मग सीटखालचे गंजलेले बोल्ट दाखवले आणि म्हणाले, "सत्तावीस जुलै."

२७ जुलै २०१९. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींतून काढले, ती तारीख. त्या दिवशी उल्हास नदी बदलापूरच्या सोसायट्यांतही शिरली होती. २६ जुलै २००५लाही तेच. ट्रेन सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. पार्किंगमधल्या गाड्या कोणी बघितल्या? धुऊन, पुसून, अत्तर फवारून त्या हळूहळू बाजारात येत राहतात. आपल्या भागात गाडीला दोन सालं असतात, एक कारखान्यातलं आणि एक पाण्यातलं. दुसरं आरसीवर छापत नाहीत.

शेवटी काय घेतलं? २०२१ची टियागो. मॉडेल २०१६चं, म्हणजे पहिली वर्षं सरलेली. जानेवारी २०२०च्या बदलात ती बीएस-६ झाली आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आल्या, शेजारच्या सीटची सक्ती यायच्या आधीच. ग्लोबल एनकॅपने तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिलेत. उणीवही सांगतो: वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठीचे पार्ट एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांत आले, त्यामुळे रबरी नळ्यांवर मला लक्ष ठेवावं लागेल. तेवढं चालेल. बेल्ट चारही सीटचे खेचून बघितले, स्टेपनीखाली हात घालून बघितला. कोरडं होतं.

गेल्या रविवारी शिवमंदिरापर्यंत पहिली फेरी मारली. आई पुढे बसली, बेल्ट लावायला दोनदा चुकली, मग स्वतःच लावला. बाबा मागून म्हणाले, "कुठल्या सालची म्हणालास ही?"

मी सांगायला सुरुवात केली. देऊळ आलं तेव्हा मी जेमतेम इंडिकापर्यंत पोचलो होतो.