पाठीतल्या पाण्यातलं आम्ल

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर पेशंटला कुशीवर वळवतात, गुडघे पोटाशी घ्यायला लावतात आणि कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढतात. जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. पुढे त्या पाण्यातल्या पेशी, प्रथिनं आणि साखर मोजली जाऊ लागली. लॅक्टेटला, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या मोजणीला, मात्र वाट पाहावी लागली.

हे आम्ल कार्ल शेले यांना १७८० मध्ये आंबलेल्या दुधात सापडलं. १८४३ मध्ये योहान शेरर यांना ते बाळंतरोगाने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात आढळलं. आजाराशी त्याचं नातं असं जुळलं. १९३३ मध्ये डी सँक्टिस, किलियन आणि गार्सिया यांनी मेंदूज्वरातल्या या आम्लावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच निदान आणि भाकीत हे दोन्ही उपयोग होते. पण तेव्हाची रासायनिक मोजणी किचकट, रोजच्या कामाला न झेपणारी. एन्झाइमवर चालणाऱ्या चाचण्या आल्या आणि चित्र पालटलं.

१९६७ मध्ये पोस्नर आणि प्लम यांनी दाखवलं, की या पाण्यातलं लॅक्टेट रक्तातल्या पातळीवर फारसं अवलंबून नसतं. ते तिथेच तयार होतं : सुजलेल्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो, धावून आलेल्या पांढऱ्या पेशी साखर जाळतात, जंतूही थोडी भर घालतात. विषाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वरात पातळी सहसा लिटरला साडेतीन मिलिमोलच्या आत राहते. जंतूंमुळे झालेल्यात ती त्याहून बरीच वर जाते. क्षयाच्या मेंदूज्वरातही वाढते, म्हणून एकट्या आकड्यावर निदान करता येत नाही. उपचार सुरू असूनही आकडा उतरत नसेल, तर काळजी वाढते.

नुसत्या शारीरिक तपासणीवर किती विसंबावं, याचं उत्तर वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधून आलं. तिथल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १९० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९९ जणांच्या पाण्यात मेंदूज्वर दिसला, पण मान ताठ होण्याचं प्रसिद्ध लक्षण त्यांतल्या जेमतेम ३९ टक्क्यांत सापडलं. पाणी काढण्याला पर्याय नाही तो यामुळे.

या पाण्यातलं लॅक्टेट कुठे कामी येतं, हे समजायला आता अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याकडे पाहू. राहाता तालुक्यातल्या लोणीला १९८४ पासून रूरल मेडिकल कॉलेज आहे. पण अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातला तापाने फणफणलेला मुलगा अशा मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत गावातल्या डॉक्टरांनी त्याला ग्लुकोजची सलाईन लावलेली असू शकते, अँटिबायोटिकचं इंजेक्शनही दिलेलं असू शकतं. सलाईनने रक्तातली साखर चढते. पाण्यातल्या साखरेचा अर्थ रक्ताशी ताडूनच लागतो, त्यामुळे तिथे गोंधळ होतो. लॅक्टेटला त्या सलाईनची अडचण नाही.

इंजेक्शनची मात्र आहे, आणि मोठी आहे. साकुशिमा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लॅक्टेटवरचे ३३ अभ्यास एकत्र तपासले. आधी अँटिबायोटिक न घेतलेल्यांत ही चाचणी जंतुजन्य मेंदूज्वराचे ९८ टक्के पेशंट पकडते, घेतलेल्यांत ४९. म्हणजे अशा मुलाचा कमी आकडा पाहून निर्धास्त होणं धोक्याचं. पण म्हणून गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन रोखून धरू नये. उशीर झाला तर मूल हातचं जातं. त्यांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ लिहावी, आणि ती चिठ्ठी नातेवाइकांनी पाणी काढणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्यावी.