‘इमरोज’चे संपादक

दर १७ सप्टेंबरला आमच्या रेणापुरात झेंडावंदन होतं. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषणं होतात, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आदरानं घेतलं जातं, रझाकारांच्या जुलमाच्या हकिकती निघतात. त्या खऱ्याच आहेत. कासीम रझवी तर शेजारच्या लातूरचाच वकील. पण या भाषणांत एक नाव क्वचितच कानी पडतं, शोएबुल्ला खान यांचं.

मूळ मागणी किती साधी होती बघा. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघायची होती. तिला निजामाचं तख्त उलथायचं नव्हतं. त्याच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हवी होती, बस्स. सरकारनं तिला जातीय ठरवलं आणि स्थापना होण्याआधीच बंदी घातली. मूल जन्मायच्या आत वॉरंट! बंदी उठली १९४६ मध्ये. सनदशीर बोलणी करता आली असती ती आठ वर्षं सत्याग्रहात अन् तुरुंगात गेली.

हिंदूनं सुधारणा मागितली तर त्याला जातीय म्हणणं सोपं होतं. मुसलमानानं मागितली तर? त्याला गद्दार म्हटलं गेलं. शोएबुल्ला खान ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवत. इमरोज म्हणजे आज. सगळं उद्यावर ढकलणाऱ्या राजवटीत हे नाव मला फार नेमकं वाटतं. ऑगस्ट १९४८ मध्ये सात नामवंत मुसलमानांनी निवेदन काढलं, रझाकार संघटना मोडा आणि भारतात सामील व्हा. ‘इमरोज’नं ते छापलं. त्याच महिन्यात, २१ तारखेच्या रात्री कचेरीतून घरी निघालेल्या या संपादकाला रझाकारांनी गोळ्या घातल्या, हात तोडला. वय तिशीच्या आतलं.

महिन्याच्या आत भारतीय फौजा आल्या आणि निजामाची राजवट संपली. त्यानंतर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती त्याच वर्षाअखेर गावोगाव फिरली. गफ्फार हेही उर्दू संपादकच. संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. लातूर-उस्मानाबादकडचा भाग सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला.

त्या दिवसांत मारलेल्यांपैकी रझाकार कोण आणि ‘इमरोज’ वाचणारा कोण, हे विचारायला कुणी थांबलं नाही.